निळ्या खांद्याचा कस्तूर

शरद आणि दीपंकर हे दोघे मिळून एक पक्षीनिरीक्षक होते. निपाणीत ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत होती आणि कुणालाच तिचं विशेष वाटत नव्हतं.

शरदनं जन्मभर कोर्टात जमिनीचे दावे चालवले. दाव्यांचे निकाल लागले नाहीत, डोळ्यांचा मात्र लागला. चष्म्याची काच इतकी जाड झाली की दहा पावलांपलीकडचं झाड आणि झाडाखालची म्हैस यांत तो भेदभाव करत नसे. दीपंकर साखर कारखान्यात इंजिनिअर. उभी नोकरी उसाच्या चरकांशेजारी काढली. चरकांनी उसाबरोबर त्याचे कानही पिळून काढले. माणूस ओरडला तर ऐकू यायचं, पाखरं मात्र त्याच्यापुरती मुकी झाली होती. तेव्हा दोघांनी केव्हाच वाटणी करून घेतली होती. दर रविवारी सकाळी वेदगंगेकाठच्या निसर्ग उद्यानात एका बाकावर बसायचं. शरदनं ऐकायचं, दीपंकरनं बघायचं.

"उंबरावर. तांबट," शरद म्हणायचा.

दीपंकर दुर्बीण लावायचा. "दिसला."

एकानं फिर्याद द्यायची, दुसऱ्यानं साक्ष. शरदच्या अख्ख्या वकिलीत इतकी सरळ केस कधी चालली नव्हती.

उद्यान म्हणायला होतं. नदीला लागून थोडी झाडी, थोडे सिमेंटचे रस्ते आणि पक्ष्यांची माहिती देणारे फलक. फलक दोन भाषांत होते. तिसऱ्या भाषेतलं नाव कुणीतरी खडूनं लिहायचं आणि कुणीतरी पुसायचं. हे चालू असताना पक्षी तिन्ही भाषांतून उडून जायचे. एका फलकावर रोहित पक्ष्यांचा थवा रंगवला होता. वेदगंगेत रोहित कुणी पाहिला नव्हता, पण चित्र सुरेख होतं, म्हणून तक्रार नव्हती.

शनिवारी संध्याकाळी अक्षराचा फोन आला. अक्षरा ही दीपंकरची एकुलती एक मुलगी, नोकरीला बेंगळुरात.

"काका, खरं सांगा. बाबांना दिसतं का?"

"म्हणजे काय? आपल्या भागातली सगळ्यात तेज नजर आहे त्याची."

"परवा व्हिडिओ कॉलवर सगळा वेळ ते माझ्याशी नाही, बाजूच्या कॅलेंडरशी बोलत होते. 'बारीक झालीस गं' म्हणाले. कॅलेंडरला."

शरद हसला. ती हसली नाही.

"मागच्या रविवारी त्यानं शिंजीर टिपला," शरदनं पुरावा दाखल केला. "शेंड्यावरचा. अंगठ्याएवढा पक्षी असतो तो. मी ऐकला, त्यानं बघितला."

"डॉक्टरांकडं ते येत नाहीत. शुगर आहे, आणि शुगर डोळ्यांच्या पडद्यावर जाते म्हणतात. आई गेल्यापासून एकटे. घरात तो उभा जिना, गॅस. मी उद्या येतेय. दुपारी बागेच्या गेटवर. तुम्ही सकाळभर त्यांच्याबरोबर असता, नीट बघा. दिसत असेल तर मी विषय काढणार नाही. दिसत नसेल तर मात्र गाडीत घालून नेणार. तुमच्या एका शब्दावर."

एका शब्दावर काही ठरवायची शरदला सवय नव्हती. त्यानं तारीख मागून बघितली. मिळाली नाही. शेवटी त्यानंच तोड काढली. तिनं गेटवर सहज विचारायचं, काय काय दिसलं. शरद 'बरंच दिसलं' म्हणाला, तर दीपंकर निपाणीत राहील. 'काही विशेष नाही' म्हणाला, तर जाईल.

फोन ठेवल्यावर विद्युल्लता म्हणाली, "किती ओरडता फोनवर. शेजारच्यांचं जेवण थांबलं."

"काय?"

"काही नाही." विद्युल्लता ही शरदची बायको. ती प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, दुसऱ्यांदा वरच्या पट्टीत. गेलं वर्षभर ती त्याला कान तपासायला चला म्हणत होती. नवऱ्यानं बायकोचं न ऐकणं हा दोष नसून कसब आहे, असं शरदचं मत असल्यामुळे तो ते मनावर घेत नव्हता. आणि दर रविवारी पंधरा-वीस पाखरं ऐकणाऱ्या माणसाच्या कानाला झालं काय असणार?

रविवार उजाडला तो मळकट. थंडीचे दिवस, आभाळ उतरून उसाच्या शेंड्यांवर बसलेलं, आणि कारखान्याचा मळीचा वास त्याच्याखाली कोंडलेला. वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून दोघं बागेपाशी उतरले. उतरताना दीपंकरनं शरदचा खांदा धरला. तो नेहमीच धरायचा. आज मात्र शरदला त्या हाताचं वजन कळलं.

"बर्री, या वकीलसाहेब," तिकिटाच्या खिडकीतून गुंडू म्हणाला. "आज धुकं हाय. काय दिसनार न्हाई."

"तुला दिसनार न्हाई," दीपंकर म्हणाला. "माझी नजर इंजिनेरची हाय."

बाकावर बसल्यावर शरदनं कान लावला. कान लावणं म्हणजे मान जरा तिरकी करून डोळे मिटणं. थोडा वेळ तसं बसलं, की काहीतरी ऐकू यायचंच.

"उंबर. तांबट."

"दिसला. टुकटुक करतोय बघ. मान हलतीया."

"खाली झुडपात. नाचण."

"दिसली. शेपटीचा पंखा केलाय."

शरदला बरं वाटलं. सकाळ धुक्याची, आणि दीपंकरला शेपटीचा पंखा दिसतो! गेटवर 'बरंच दिसलं' म्हणायला आता काही हरकत नव्हती. आणि खरं सांगायचं तर, ते म्हणायचं त्यानं रात्रीच ठरवलं होतं. दीपंकर गेला तर रविवार जाईल. रविवार गेला तर आठवड्यात उरतात ते विद्युल्लतेचे सहा वार.

"अक्षी येणाराय म्हणं," दीपंकर म्हणाला. "सरळ बेंगळूरला घालून न्यायचा डाव दिसतोय."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय. परवा फोनवर लई गोड बोलत हुती. अकराव्या मजल्यावर घर हाय तिचं. गॅलरीला जाळी मारल्या. का, तर पाखरं आत येऊ नयेत." तो नदीकडं तोंड करून बसला. "माझ्या बानं, देवाप्पानं, तंबाखूच्या वखारीत जन्म घालवला. आमच्या गल्लीत माडी पहिल्यांदा मी चढवली, जिन्यासकट. त्यो जिना मी डोळं झाकून उतरतो."

"ते दिसतंय," शरद म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

दीपंकरला लागलं नसावं. त्यानं दुर्बीण काठाकडं वळवली. "वकील, बगळा. पाण्याकडंला. पांढराधोट."

शरदला काठावर एक पांढरा डाग दिसला. त्याच्या चष्म्याच्या हिशेबानं तो बगळा असू शकत होता, किंवा धोतर.

"गप हुभा हाय," दीपंकर म्हणाला. "मासा हेरतोय. थांब... थांब... धरला! मासा धरला बघ!"

"मोठा आहे का?"

"चोचीत मावंना."

दोघं जरा वेळ त्या बगळ्याचं जेवण बघत बसले. मग शरदला लघवीला जायची गरज वाटली. उद्यानात ती सोय होती, फक्त तिला कुलूप होतं. म्हणून तो काठाकडच्या झुडपांमागं गेला, आणि येताना वाट चुकून थेट बगळ्याच्या अंगावर आला. बगळा उडाला नाही. शरद आणखी जवळ गेला. बगळा जागचा हलला नाही. वकिलाला इतकी जवळीक करू देणारा प्राणी शरदनं आजवर पाहिला नव्हता. त्यानं हातातल्या छत्रीच्या टोकानं बगळ्याला हलकेच ठोकलं.

टक्. टक्.

बगळा सिमेंटचा होता. ताजा बसवलेला, ऑइल पेंट दिलेला, पायाशी लाल रंगात देणगीदाराचं नाव घातलेला. चोच मिटलेली होती. मासा नव्हता.

शरद बाकापासून आठ-दहा पावलांवर आला आणि उभा राहिला. बाकावर दीपंकरची आकृती दिसत होती, दुर्बीण डोळ्यांना लावून बसलेली. ती नेमकी त्याच्याकडंच वळलेली होती. शरदनं छत्री उंच करून हलवली. दुर्बीण हलली नाही. त्यानं टोपी काढून ओवाळल्यासारखी फिरवली. दुर्बीण त्याच्याकडं बघत राहिली आणि त्याला बघत नव्हती.

तो परत येऊन बसला.

"लई वेळ लावलास," दीपंकर म्हणाला. "बगळा उडाला का रं?"

"नाही. आहे अजून."

धुकं तसंच होतं. शरदच्या मनात एक विचार आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण उलटतपासणी घेतल्याशिवाय त्याला कुठलीच गोष्ट पटत नसे. त्यानं मान तिरकी केली, डोळे मिटले, आणि जे मुळीच ऐकू आलं नव्हतं ते सांगितलं.

"दीपू. शीळ. पलीकडच्या दगडावर. कस्तूर."

कस्तूर म्हणजे शीळकरी कस्तूर. रानातला, ओढ्यातला पक्षी. माणसासारखी शीळ घालतो, एखादा पोरगा सूर विसरत विसरत घरी चालल्यासारखी. वेदगंगेच्या सपाट काठाला, उसाच्या फडांत त्याचं काहीही काम नव्हतं.

दीपंकरनं दुर्बीण वळवली. बराच वेळ तो भिंगाचं चाक मागंपुढं फिरवत राहिला. शरदनं मनात म्हटलं, बोल, गाढवा. नाही म्हण. कस्तूर हितं कुठला, वकिला, म्हण.

"दिसला," दीपंकर म्हणाला. "त्योच. खांद्यावर निळा."

पुष्कळ वर्षांपूर्वी दोघं जांबोटीच्या रानात गेले होते. दोघांचेही केस काळे होते तेव्हा. बस चुकली, पुढची आलीच नाही, पावसात भाताच्या बांधावरून अर्धा दिवस चालले. एका ओढ्याशी शरदनं दीपंकरचं मनगट धरून थांबवलं होतं. शीळ त्याला ऐकू आली होती, पक्षी दिसत नव्हता. दीपंकरला शीळ ऐकू येत नव्हती, पण त्यानं पाण्यातला दगड न् दगड शोधला आणि पुटपुटला, "दिसला. त्योच. खांद्यावर निळा." कोण ऐकणार आणि कोण बघणार, ही वाटणी त्या ओढ्यावर झाली होती.

आज त्यानं तेच शब्द परत दिले. त्याच्याजवळ तेवढे शिल्लक होते.

म्हणजे याला दिसत नाही, शरदनं निष्कर्ष काढला. त्याला दीपंकरच्या गुडघ्यावर हात ठेवावा असं वाटलं, आणि तो ठेवणार एवढ्यात निष्कर्षानं एक पाऊल पुढं टाकलं.

याला दिसत नाही, तर मघाचा तांबट कुणी बघितला? नाचणीचा पंखा? मागच्या रविवारचा शिंजीर? शरद सांगायचा आणि हा दिसला म्हणायचा. हा दिसला म्हणायचा, म्हणून शरदचे कान शाबूत होते. शरदजवळ दुसरा साक्षीदार नव्हताच.

बाकाच्या कडेला जास्वंदीचं झुडूप होतं. हाताच्या अंतरावर, त्याच्या काचेच्या टप्प्यात. त्यावर शिंजीर येऊन बसला. खराखुरा, ऊन नसतानाही जांभळा चमकणारा. फुलात चोच घालून झाली, मग तो फांदीच्या टोकावर ताठ बसला. चोच उघडली. गळ्याची इवलीशी पिसं थरथरली, शेपटी प्रत्येक सुराबरोबर खालीवर झाली. तो जीव तोडून गात होता.

शरदनं मान तिरकी केली. डोळे मिटायचं त्याला धाडस झालं नाही. पक्षी गात राहिला, आणि आवाज म्हणून काहीच आलं नाही. काचेपलीकडं कुणी बोलत असावं तसं. त्यानं चष्मा काढला, तशी पक्ष्याची फांदीही गेली.

"काय झालं रं?" दीपंकरनं विचारलं. "गप का झालास? काय ऐकू येतंय का?"

"नाही," शरद म्हणाला. त्या बाकावर तो पहिल्यांदा खरं बोलला होता, आणि ते दीपंकरला नीट ऐकू गेलं नाही.

"आँ?"

"काही नाही. चल, उठूया."

गेटपर्यंतची वाट दीपंकर पाठ असल्यासारखा चालला. वळणं बरोबर घेतली, फलक बरोबर चुकवले. एका ठिकाणी रस्त्याचं काम काढून खड्डा केला होता, कालपरवाच. त्या खड्ड्याकडं तो ताठ मानेनं, कस्तुराविषयी बोलत बोलत निघाला होता. शरदनं दंड धरून ओढलं नसतं तर तो आतच गेला असता.

"का ओढतोस?"

"चिखल आहे," शरद म्हणाला.

शरदला आणखी एक रविवार हवा होता. मग आणखी एक. इतकं तर प्रत्येक खड्ड्यापाशी त्याचा दंड धरून ओढत ओढत निभावता आलं असतं. पण जिन्यावर रविवार नसतो. जिना रोज असतो, आणि तिथं ओढायला कुणी नसतं.

अक्षरा गाडीला टेकून उभी होती. तिनं बापाच्या पायांकडं बघितलं, मग हसून विचारलं, "काय मग? काय काय दिसलं आज?"

"लई!" दीपंकरनं वकिलाला बोलूच दिलं नाही. "तांबट, नाचण, बगळा. बगळ्यानं मासा धरला. आन् आता ऐक, कस्तूर! जांबोटीचा कस्तूर हितं आलता. इचार ह्याला. ह्यानं ऐकला, मी बघितला."

अक्षराला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. तिचा चेहरा सैल झाला. ही गोष्ट फार वाईट झाली, कारण तिला आता पटलं होतं, आणि शरदला नुसतं गप्प बसूनही जिंकता येत होतं.

"काका?"

शरदनं घसा साफ केला. "काही विशेष नाही," तो म्हणाला.

"विशेष न्हाय? कस्तूर विशेष न्हाय व्हय रं?"

"कस्तूर नव्हता, दीपू."

"तूच म्हणालास की."

"म्हणालो. पण मला ऐकू आलं नव्हतं."

मागं रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. दीपंकरचा चेहरा शरदच्या चेहऱ्याच्या जरा डावीकडं, हवेत कुठंतरी बघत होता.

"मग मी काय बघितलं रं?" त्यानं विचारलं.

अक्षरा रस्त्याकडं बघायला लागली.

"आन् तांबट?" दीपंकरनं हळू विचारलं. "शिंजीर? त्ये तर ऐकलंस की."

"ऐकलं असं वाटायचं. तू दिसला म्हणायचास, म्हणून."

"आन् मला वाटायचं, वकील म्हणतोय म्हंजे असणार. आन् असला, तर दिसणार. दोघंबी आंधळं कारभार करत हुतो म्हण की."

"एक आंधळा. एक बहिरा."

"त्ये तर आधीपास्नंच हुतं," दीपंकर म्हणाला. "उलटं हुतं एवढंच."

तो हसला नाही, पण त्याच्या बोलण्यात हसण्याची जागा रिकामी राहिली होती. मग त्यानं एकदम विचारलं, "आन् बगळा? बगळा तरी हुता का?"

शरदनं नदीच्या दिशेला बघितलं. "बगळा होता," तो म्हणाला. "शपथेवर. मी स्वतः जवळ जाऊन आलो."

"मासा?"

"मासा मला दिसला नाही. माझी नजर तुला ठाऊक आहे."

दीपंकरनं मान हलवली. गळ्यातली दुर्बीण काढली, चाचपत शरदच्या गळ्यात घातली. पट्टा कानात अडकला, तो शरदनंच सोडवला. "ठेव तुझ्याकडं. तिकडं जाळी हाय." मग तो गाडीकडं वळला आणि त्याचा हात दाराची मूठ शोधू लागला. काचेवरून, पत्र्यावरून, परत काचेवरून. शरदच्या डोळ्यांनासुद्धा तो हात दिसत होता. अक्षरानं पुढं होऊन दार उघडलं. घरी जाऊन कपडे घेऊन बापलेक संध्याकाळच्या आत निघालेसुद्धा.

पुढं विद्युल्लतेनं शरदला नेऊन कानाचं मशीन बसवलं. मशीनमधून पहिलं वाक्य ऐकू आलं ते, "आता तरी ऐकू येतंय का?" पाखरंही ऐकू यायची, पण पत्र्यावर खडे पडल्यासारखी. कुठला खडा कुणाचा, ते कळायचं नाही. शरद मशीन घरी ठेवून बागेत जाऊ लागला. बाक तोच. दुर्बीण गळ्यात, तिच्यातून बघितलं तर धुकं जवळ यायचं. बसायला मात्र तो नदीकडं तोंड करून बसायचा, कारण त्या बागेतला एकच पक्षी असा होता, की ज्याच्याबद्दल त्याची खात्री होती.

एका रविवारी फोन थरथरला. दीपंकर होता. बेंगळुरात डोळ्यांत इंजेक्शनं दिली होती. उरलंय तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हे सगळं तो ओरडून सांगत होता, कारण त्याला स्वतःचं ऐकू येत नव्हतं. शरदही ओरडून विचारत होता, कारण त्याला दीपंकरचं ऐकू येत नव्हतं.

"बागेत हाईस का?" दीपंकर ओरडला.

"व्हय!"

"बगळा हाय?"

शरदनं बघितलं. पांढरा डाग जागेवर होता. एका बाजूचा रंग उडून तो करडा दिसायला लागला होता.

"हाय!"

"तिथंच?"

"तिथंच!"

"लई धीराचा हाय रं," दीपंकर म्हणाला. "मासा धरला?"

"अजून न्हाय!" शरद ओरडला. "बसलोय मी!"

त्या ओरडण्यानं समोरच्या उंबरावरून काहीतरी भर्रकन उडालं. काय ते शरदला दिसलं नाही.